नानांच्या नावापुढे मी शून्य लिहिणार नाही

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
वडोदरा

सप्रेम नमस्कार.

मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना लिहिते आहे त्यांना ते कळेलच. शहरातल्या बाकीच्या मंडळांनी हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजून वाचलं तरी माझी हरकत नाही.

यंदाच्या गुणगौरव समारंभात 'यशस्वी ज्येष्ठ' असा नवा पुरस्कार सुरू करताय हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक मी त्याच रात्री उघडली आणि माझ्या वडिलांचा फॉर्म भरायला बसले. नाव लिहिलं. वय ८६. शिक्षण सातवी पास. व्यवसाय पुस्तकबांधणी. सातव्या रकान्यापाशी अडकले. 'वार्षिक उत्पन्न किंवा निवृत्तीच्या वेळचा पगार', आणि त्यापुढे लाल चांदणी. नाना आयुष्यभर नगावर काम करत आले. पगार असा नव्हताच, त्यामुळे पेन्शनही नाही. रकाना मोकळा ठेवला तर फॉर्म पुढे सरकेना.

दुसऱ्या दिवशी तुमच्या एका कार्यकर्त्याला फोन केला. मुलगा गुणी आहे, अदबीनं बोलला. म्हणाला, "काकू, मग शून्य टाका ना. शून्य टाकलं की फॉर्म पुढे जातो."

मी पुन्हा बसले. शून्य टाकलं. वरती ठळक अक्षरांत 'यशस्वी ज्येष्ठ', मध्ये नानांचं नाव आणि त्याखाली ते शून्य. थोडा वेळ बघत राहिले आणि पुसून टाकलं. तीन दिवस असंच चाललं. शेवटची तारीख निघून गेली. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी ३४ वर्षं बँकेत काढली. आकड्यांशी माझं वैर नाही. उलट कुठला आकडा कुठल्या खात्यात जायला हवा हे बघण्यातच माझी नोकरी गेली, आणि म्हणूनच हा आकडा चुकीच्या खात्यात मागितला जातोय असं मला वाटतं.

आधी नानांचं काम काय होतं ते सांगते, कारण फॉर्मवर 'पुस्तकबांधणी' या एका शब्दात ते मावत नाही.

मांडवीजवळच्या एका बांधणीच्या दुकानात ते अठराव्या वर्षी लागले. लायब्रऱ्यांचं काम यायचं, कॉलेजांचं यायचं, कोर्टाच्या वकिलांचे जाडजूड ग्रंथ यायचे, देवळांच्या पोथ्याही यायच्या. नानांचे उस्ताद होते ते गायकवाडी अमलात तयार झालेले. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं, राजवाड्यातल्या स्वतःच्या संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तकं लोकांसाठी मोकळी केली, आणि गावोगाव फिरत्या लायब्रऱ्यांच्या लाकडी पेट्या जाऊ लागल्या. उस्ताद सांगायचे की खेड्यांतून परत आलेल्या पुस्तकांना हळदीचे, तेलाचे डाग असायचे, पानांचे कोपरे झिजलेले असायचे. अशी पुस्तकं हातात आली की ते खूश व्हायचे. कोरीकरकरीत परत आलेली पुस्तकं बाजूला ठेवून म्हणायचे, हे बिचारं कोणी उघडलंच नाही. नानांनी हे इतक्या वेळा ऐकवलंय की ती पेटी मीच पाहिलीय असं मला वाटतं.

आजही नाना सकाळी नऊ वाजता चटई टाकून बसतात. गेल्या आठवड्यात शेजारच्या पोळीतली, म्हणजे गल्लीतली, एक मुलगी इंग्रजी शब्दकोश घेऊन आली. मोठ्या भावाचा, त्याच्या आधी चुलत बहिणीचा. पाठ पूर्ण निखळलेली, पानं दोऱ्यानं बांधून आणलेली. नानांनी आधी ओल्या फडक्यानं जुनं सरस भिजवून भिजवून काढलं. त्यातच दुपार गेली. मग फर्मे, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे, वेगळे केले. ज्या पानांची घडी फाटली होती तिथे बोटभर रुंदीची पातळ कागदाची पट्टी लावली. दोऱ्याला मेण फिरवलं, टोच्यानं भोकं पाडली आणि एकेक फर्मा शिवत गेले. प्रत्येक टाक्यानंतर दोरा अंगठ्याखाली ताणून बघायचा, मगच पुढचा टाका. खळ त्यांची घरचीच असते. मैदा शिजवून त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. रात्रभर पुस्तक दाबाखाली ठेवलं. मुलगी संध्याकाळी विचारायला आली तेव्हा तिला सांगितलं, "आज नाही बाळा. ओल्यावर उघडलंस तर पाठ वाकेल, आणि मग ती जन्मभर वाकडीच राहते." दुसऱ्या दिवशी कापडी कणा लागला. पैसे घेतले नाहीत. मुलांच्या पुस्तकांचे त्यांनी कधीच घेतले नाहीत.

ऐंशीच्या दशकापासून शिवलेली पुस्तकं जाऊन नुसत्या सरसानं चिकटवलेली पुस्तकं आली. दुकानाच्या मालकानं मशीन आणलं. काम चौपट वेगानं व्हायला लागलं. नाना मशीनही शिकले, पोट होतं मागे. पण ज्या पुस्तकाच्या कडेला लायब्ररीचा शिक्का असेल ते ते हातानंच शिवायचे, भले दिवसाचे नग कमी होवोत. कारण विचारलं तर सांगायचे, "विकत घेतलेलं पुस्तक एकजण वाचतो. हे शंभरजण उघडणार."

मागच्या दिवाळीत एक गृहस्थ घर शोधत आले. केस पांढरे झालेले डॉक्टर. हातात शरीरशास्त्राचं जुनं पुस्तक. विद्यार्थी असताना, १९७४ साली, सेकंडहँड घेतलेलं आणि नानांकडून बांधून घेतलेलं. वरचं कापड विटलं होतं, कोपरे गेले होते. त्यांनी पुस्तक उघडून टेबलावर पालथं ठेवलं, पुन्हा उचललं. एक पान हललं नव्हतं. म्हणाले, "नाना, या पुस्तकावर मी शिकलो, माझी मुलगी शिकली. तुमच्या हाताला यश आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या भाषेत हा शब्द असा वापरतात हे मला काय नव्यानं कळलं नव्हतं. पण आधी त्याचा विचार केला नव्हता. आपण कोणाच्या हाताला यश आहे म्हणतो? वैद्याच्या. सुईणीच्या. ज्या बाईनं लावलेलं विरजण कधी बिघडत नाही तिच्या. ज्या मास्तरांकडे गेलेला ढ मुलगाही पास होतो त्यांच्या. श्रीमंताच्या हाताला यश आहे असं मी कधी ऐकलेलं नाही. श्रीमंताला आपण नशीबवान म्हणतो, कर्तबगार म्हणतो, त्याच्यावर लक्ष्मी प्रसन्न आहे म्हणतो. हाताला यश म्हणजे जे आपल्या हातून निघतं आणि दुसऱ्याच्या घरात जाऊन दिसतं ते. रोगी बरा होतो, यश वैद्याचं. आपल्या आज्या-पणज्यांनी हा हिशेब आपल्या भाषेत कधीच मांडून ठेवलाय. मंडळाच्या फॉर्ममध्ये मात्र यश तपासायला आपण माणसाच्या स्वतःच्याच घरात शिरतो आणि कपाट उघडून बघतो.

दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरावरून तुम्ही सगळे रोज जाता. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद, प्राध्यापक माणिकराव त्यांचे शिष्य. पुढे नाव झालं ते माणिकरावांचं. त्यांनी मल्लखांब, लाठी, लेझीम शिकवून पिढ्या घडवल्या, मोडलेली हाडं बसवली. तरी आखाड्यावर नाव गुरूचं राहिलं, अजून आहे. लहानपणी मी नानांना विचारलं होतं की माणिकरावांनी स्वतःचं नाव का नाही दिलं. ते म्हणाले होते, "त्यांच्या हातून जे झालं ते दादांच्या हातातून आलं होतं ना." तेव्हा कळलं नव्हतं.

आता गेल्या वर्षीच्या समारंभाबद्दल बोलते. हे मला लिहायला जड जातंय, पण न लिहिता राहिले तर बाकीच्या पत्राला अर्थ नाही.

दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार झाला. मग 'करिअरमध्ये यश मिळवलेले युवा'. सूत्रसंचालक प्रत्येकाचं नाव, कंपनी आणि पॅकेज वाचत होते. आकडा मोठा आला की टाळ्या मोठ्या. डॉलरमध्ये आला की शिट्ट्यासुद्धा. मी तिसऱ्या रांगेत होते. सगळ्यात शेवटी एक मुलगी आली. नर्सिंग पूर्ण करून एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात लागलेली. तिच्या नावापुढे आकडा नव्हता. सूत्रसंचालक कागद उलटून पाहू लागले, दोन-चार क्षण माइकवर नुसता कागदाचा आवाज आला. मग "आणि यांचंही अभिनंदन" म्हणून त्यांनी पुढचा कार्यक्रम जाहीर केला. मुलगी नारळ आणि पुष्पगुच्छ घेऊन खाली उतरली. तिची आई माझ्या पुढच्याच रांगेत होती. तिनं टाळ्या वाजवायला हात उचलले होते, ते तसेच मांडीवर ठेवले.

कोणाच्या मनात वाईट नव्हतं हे मला पक्कं ठाऊक आहे. सूत्रसंचालकांना कागद मिळाला तसा त्यांनी वाचला. पण कागदावर जो रकाना नसतो त्यातलं माणूस दिसतच नाही. ती मुलगी रात्रपाळीत काय करते, किती जणांच्या नातेवाइकांना पहाटे तीनला धीर देते, हे वाचायला आपल्याकडे जागाच नव्हती. जागा होती ती एका आकड्याला, आणि तो आपल्याला छोटा वाटला म्हणून कोणी लिहिला नाही.

त्या सभागृहात नववी-दहावीची पन्नासएक मुलं बसली होती. त्यांनी त्या संध्याकाळी काय शिकलं असेल?

आता दुसरी बाजू, आणि ती मी टाळणार नाही. पैशानं काही होत नाही असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. १९८८ साली माझ्या आईचं ऑपरेशन ठरलं. आठ हजार रुपये भरायचे होते. नानांकडे अकराशे होते. आईच्या पाटल्या गेल्या, राहिलेले शेजारच्या काकांनी दिले. ते फेडायला अडीच वर्षं लागली. पैसे जमवण्यात ऑपरेशन तीन आठवडे लांबलं. आई बरी झाली, पण त्या तीन आठवड्यांत ती कशी कुशीवर वळायची ते मी पाहिलंय. नाना आजही म्हणतात, "तेव्हा मी कमी पडलो." मी त्यांना कधी "नाही हो नाना" असं म्हणत नाही. ते खरं आहे. फुकट बांधलेल्या पुस्तकांतली थोडी कमी बांधली असती, चार पैसे बाजूला टाकले असते, तर ते तीन आठवडे टळले असते कदाचित. गरिबीत काही थोर नाही. आपल्या शास्त्रांनीही चार पुरुषार्थांत अर्थाला मानाची जागा दिली आहे, तो काही चोरदरवाजानं आत आलेला नाही.

शास्त्रज्ञही हेच सांगतात. डॅनियल कानेमान आणि मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी २०२३ मध्ये किलिंग्सवर्थ यांची जुनी आकडेवारी मिळून पुन्हा तपासली, तेव्हा बहुतेक लोकांच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर सुखही वाढत जातं असं दिसलं. फक्त जे मुळात दुःखी होते त्यांच्या बाबतीत एका मर्यादेनंतर जास्तीचा पैसा कामाला येईनासा झाला. त्याच वेळी हार्वर्डमध्ये १९३८ पासून चालू असलेला अभ्यास, ज्यात त्याच माणसांना तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत विचारत गेले, तो सांगतो की उतारवयात माणूस कसा राहील हे त्याच्या जवळच्या नात्यांवरून जास्त चांगलं ओळखता येतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बँकेतल्या खिडकीमागे बसून मला त्या दोन्ही दिसत आल्या.

एक गृहस्थ दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचे. ठेवी भरपूर. व्याजाचा दर अर्धा टक्का कुठे जास्त मिळेल ते बारकाईनं विचारायचे. एकदा नवी ठेव करताना नॉमिनीचा रकाना आला. पेन हातात घेऊन ते बराच वेळ बसले. मागे रांग होती, पण मला त्यांना घाई करवेना. शेवटी हळूच म्हणाले, "तुमचंच नाव लिहू का?" थट्टा नव्हती ती. मी म्हटलं, तसं चालत नाही हो, घरातलं कोणी सांगा. त्यांनी रकाना कोरा ठेवून सही केली. तो फॉर्म मी जमा केला. अनेकांच्या आयुष्याचे रकाने मी भरून घेतले, पण तो कोरा रकाना अजून डोळ्यांपुढे आहे.

रकान्यांबद्दलच बोलते आहे तर आपल्या शहराची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९१३ साली इथल्या महाराजांनी एका तरुणाला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. १९१७ साली तो तरुण शिकून, ठरलेल्या कराराप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आला. विद्या होती, पद होतं, पगार होता. तुमच्या फॉर्मचा प्रत्येक रकाना त्यांनी भरून दाखवला असता. या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून उतरले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. सयाजीबागेतल्या झाडाखाली बसून बाबासाहेब आंबेडकर त्या दिवशी रडले. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. नाना मला तिथं दरवर्षी एकदा न्यायचे आणि तिथं बोलायचे नाहीत. माणसाला कुठल्या रकान्यात बघायचं हे शहर चुकलं की केवढी चूक होते, याची खूण आपल्याच बागेत आहे. पुस्तकबांधणाऱ्याच्या फॉर्मची त्या दुःखाशी बरोबरी मी करत नाही, करणं पाप ठरेल. पण आपल्या गावाचा इतिहास असा असताना रकाने आखताना आपला हात जरा थबकायला हवा, एवढंच म्हणते.

आणि सातव्या रकान्यानं श्रीमंतांवरही अन्याय होतो. आपल्या मंडळातल्या एका कुटुंबातला मुलगा बरीच वर्षं अमेरिकेत आहे. गेल्या वर्षी त्याचा सत्कार झाला, आकडा वाचला गेला, टाळ्या पडल्या. तो दरवर्षी तीन मुलींच्या कॉलेजच्या फी भरतो हे मला ठाऊक आहे, कारण त्यातल्या एका मुलीचं खातं माझ्याच खिडकीत उघडलं होतं. ती मुलगी आज शिक्षिका आहे. त्याबद्दल व्यासपीठावर एक शब्द आला नाही. त्याच्या आयुष्यातली ज्याचा सत्कार व्हायला हवा ती गोष्ट सोडून आपण त्याच्या पगाराला हार घातला. तो स्वतः अवघडून उभा होता, मी बघत होते.

पगार विचारणं सोपं असतं, हे मी समजू शकते. दोन माणसांत कोण पुढे हे आकड्यानं लगेच ठरतं, वाद होत नाहीत. "हाताला यश" कसं मोजणार, असं कार्यकारिणीतल्या कोणीतरी विचारलंच असेल. मोजता येत नाही, पण विचारता येतं. माझी सूचना साधी आहे. फॉर्म उमेदवारानं किंवा त्याच्या मुलांनी भरू नये. मी स्वतः नानांचा भरायला बसले हेही चुकीचंच होतं. ज्यांचं त्या माणसामुळे काही सुकर झालं अशा दोन घराबाहेरच्या माणसांनी तो भरावा. सातव्या रकान्यात उत्पन्नाऐवजी एवढंच विचारावं की या व्यक्तीच्या हातून तुमचं काय झालं, आणि ते अजून टिकून आहे का. चार ओळी पुरेत. समारंभात त्या चार ओळी वाचल्या जाव्यात, भरणाऱ्यानं स्वतः येऊन वाचल्या तर फारच छान. ज्यांना नोकरीतलं पद सांगायचंय त्यांनी सांगावं, त्यात अभिमान वाटण्यासारखं असतंच. फक्त लाल चांदणी तिथली काढा.

तरुणांच्या सत्कारातही पॅकेज वाचणं बंद व्हावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. कंपनीचं नाव सांगा, काम काय करतो ते सांगा. मुलगा पूल बांधतो की औषधं तपासतो की मुलांना शिकवतो हे त्या नववीतल्या मुलांना कळू दे. आत्ता त्यांना कळतं ते फक्त पूल बांधण्यापेक्षा काय जास्त पैसे देतं ते. आपल्या मराठी घरांत आधीच मुलं वडोदऱ्यात राहिली तर मागे पडली असं बोललं जातं. घरी राहून म्हाताऱ्या आजीचं करणारा, शेव-उसळीचं छोटं दुकान नेटानं चालवणारा मुलगा समारंभाला यायला कचरतो. तुम्ही त्याला कधी विचारलंय का तो का येत नाही? मी विचारलंय. म्हणाला, "मावशी, मी काय सांगू तिथं?"

आणखी एक. गेल्या वर्षीच्या त्या मुलीच्या घरी कोणीतरी जाऊन यावं. पत्रानं किंवा फोननं भागवू नका. तिच्या आईला भेटा. मी गेले असते, पण मी मंडळाची पदाधिकारी नाही, आणि हे मंडळानं करायचं आहे.

नानांना या पत्राबद्दल सांगितलं. पुरस्काराचं त्यांना आधी ठाऊकच नव्हतं, माझाच उत्साह होता. पूर्ण वाचून दाखवलं. आईच्या ऑपरेशनचा भाग आला तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "राहू दे ते. खरं आहे." डॉक्टरांच्या पुस्तकाचा भाग आला तेव्हा म्हणाले की त्यात एक दुरुस्ती कर, ती शिवण एकट्या माझी नव्हती, उस्तादांनी शेवटचे फर्मे शिवले होते, त्या दिवशी मला ताप होता. ती दुरुस्ती इथे नोंदवते.

पुढच्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा अशी विनंती. मी येणार आहे, नानांनाही यायचंय. त्यांना आता जिना चढवत नाही, तेव्हा सभा तळमजल्यावरच्या खोलीत ठेवता आली तर बघावं. मंडळाच्या कपाटात जुन्या सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या आहेत, त्यांची शिवण सुटलेली त्यांनी मागे पाहिली होती. त्या काढून ठेवा. पिशवीत सुई-दोरा घेऊन येतो म्हणालेत.

आपली,
एक आजीव सभासद
दांडिया बाजार, वडोदरा